विल्यम क्लफची वाट

[हेफिल्ड गाव. मैदानावर जमलेले धावपटू.]

जून महिना, संध्याकाळचे सव्वासात. इंग्लंडच्या डर्बीशरमधलं हेफिल्ड. ऑफिस सुटल्यावर मँचेस्टरहून थेट इथे आलेली ही माणसं सेफ्टी पिनांनी छातीवर नंबर लावतायत. थोड्या वेळात सगळे समोरच्या डोंगरावर धावत सुटतील. ही फेल रेस. फेल म्हणजे डोंगर. उत्तर इंग्लंडमध्ये रुजलेला जुना नॉर्स शब्द.

[टेबल. उघडलेली कमरेची पिशवी.]

निघण्याआधी प्रत्येकाची पिशवी बघतात. पावसाचं जाकीट, पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी. जूनमध्ये हातमोजे कशाला, असं मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं. वर धुकं उतरलं की पुढच्याची पाठसुद्धा दिसत नाही, आणि घामाने भिजलेलं अंग पाच मिनिटांत गार पडतं.

[छातीवरच्या कॅमेऱ्यातून. डांबरी रस्ता, पुढे पळणाऱ्यांचे पाय.]

सुरुवातीला सगळे जोरात पळतात. मीसुद्धा. वाटेत बोडन ब्रिजजवळ दगडाची एक जुनी खाण लागते. कॅमेऱ्यात ती जेमतेम चार सेकंद दिसते.

[चित्र थांबतं. खाणीची भिंत, भिंतीवरची स्मृतिपाटी.]

इथे चित्र मुद्दाम थांबवलंय.

२४ एप्रिल १९३२, रविवार. याच खाणीत चारेकशे माणसं जमली होती. बहुतेक मँचेस्टरच्या आसपासची तरुण कामगार मुलं-मुली. आठवडाभर कारखान्यात राबायचं आणि रविवारी मोकळ्या हवेत चालायला जायचं, एवढीच त्यांची चैन. पण समोरचा किंडर स्काउट त्यांना बंद होता. ६३६ मीटर उंचीचा, मैलोन्‌मैल पसरलेला हा माळ जमीनदारांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. शिकार चालायची वर्षातले मोजके दिवस, रखवालदार मात्र बाराही महिने.

सह्याद्रीत लहानाची मोठी झालेली मी. डोंगर दिसला की चढायचा, एवढंच मला ठाऊक. डोंगर चढल्याबद्दल कुणी तुरुंगात जातं, हे मी इथे येऊन पहिल्यांदा ऐकलं.

त्यांचा एक पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. तो खाणीतल्या एका दगडावर चढून बोलला आणि सगळी माणसं गाणी म्हणत निघाली. विल्यम क्लफ नावाच्या घळीत काठ्या घेतलेले रखवालदार आडवे आले. झटापट झाली, तरी माणसं वर पोचलीच. पलीकडून, ईडेल गावाच्या बाजूने आलेले लोक त्यांना वर भेटले. परतल्यावर गावात पोलीस उभे होते. सहा जणांना अटक झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा फौजदारी गुन्हाच नव्हता, म्हणून खटला भरला तो बेकायदा जमाव आणि शांतताभंगाचा.

[चित्र पुन्हा सुरू. अरुंद घळ, ओढा, ओले दगड.]

आम्ही आता त्याच घळीत आहोत. वाट ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर उड्या मारते. पळणं केव्हाच संपलंय. हात गुडघ्यांवर आणि नजर पुढच्याच्या टाचांवर. ऐकू येतात ते फक्त श्वास.

[माथा. उघडा माळ, वाऱ्यात हलणारं पांढरं गवत.]

अॅशॉप हेड. जूनमध्ये या गवताला कापसासारखे पांढरे गोंडे येतात. ते दिसले की खाली पाणी आहे हे ओळखायचं.

[जवळून. काळ्या चिखलात गेलेला बूट.]

हे पीट. हजारो वर्षं न कुजता साचत गेलेली झाडोऱ्याची माती. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि मांडीपर्यंत पाय आत गेला तर तो बाहेर काढताना बूट हातानेच धरावा लागतो. काठावरचं हे शेवाळ मुठीत दाबलं की ओला टॉवेल पिळल्यासारखं पाणी निथळतं. कारखान्यांच्या धुराने ते इथून जवळपास नाहीसं झालं होतं. आता पुन्हा लावतायत.

[दगडी फरशांची वाट, त्यावर पडणारी पावलं.]

पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायरस्ता इथून जातो. दलदल तुडवली जाऊ नये म्हणून त्यावर ठिकठिकाणी फरशा टाकल्या आहेत. त्यातल्या कितीतरी बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून काढून आणलेल्या. कामगार ज्यांच्यावर उभे राहून बारा-बारा तास राबले, त्या फरशा. हा रस्ता १९६५ साली खुला झाला. तारीख पुन्हा २४ एप्रिल.

[मिडल मूर. उतरत्या उन्हात पांढरी खोपटी.]

ही शिकाऱ्यांची खोपटी. तिच्यासमोरून आज एकशे सत्तावीस नंबर लावलेली मी पळतेय, आणि मला कुणी हटकत नाही.

१९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला. पहिलं उद्यान झालं ते हेच, पीक डिस्ट्रिक्ट, १९५१ मध्ये. असं मोकळेपणी फिरायचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं. तोही इंग्लंडच्या साधारण आठ टक्के जमिनीपुरताच.

[गाव. शेवटचा उतार, टाळ्या.]

मी शेवटून नववी आले.

[टेबल. चिखलाने माखलेले हात नंबर परत देतायत.]

शर्यत संपली की नंबर मोजतात. जितके वर गेले तितके खाली आले पाहिजेत. दोन अजून यायचे आहेत. साडेनऊ वाजलेत, उजेड आहे. सगळे घळीच्या बाजूला बघत उभे आहेत.