लुटलेलं वाण माळ्यावर का पडून राहतं?

(सतरंजीवर बसून, समोर वस्तूंचा ढीग)

नमस्कार मंडळी. हे सगळं काल माळ्यावरून काढलं. तीन संक्रांतींचं वाण आहे. प्लॅस्टिकच्या अकरा डब्या, चार गाळण्या, साबणदाण्या, मेलामाइनच्या वाट्या, हळदीकुंकवाच्या पुड्या, नऊ ब्लाउजपीस, आणि पिशव्या तर विचारू नका.

संक्रांत ते रथसप्तमी आपण घरोघरी हळदीकुंकवाला जातो. मिळालेलं वाण टाकवत नाही, कारण कुणीतरी मायेनं हातात दिलेलं असतं. वापरायचं म्हटलं, तर तसली वस्तू घरात आधीच असते. मग जातं माळ्यावर. पण आपण शब्द काय वापरतो? वाण 'लुटलं'. लुटायची वस्तू कोंडून ठेवली तर ते वाण कसलं? म्हणून ते पुढे देताना मनाला अजिबात लावून घेऊ नका. फक्त कुणाकडून आलंय त्याची चिठ्ठी आत टाकून ठेवा, म्हणजे त्याच घरी परत जाणार नाही. आणि घेणारीला आधी विचारा, "हवंय का?" तिला नको असेल, तर आपला माळा तिच्या गळ्यात कशाला घालायचा?

(एक पिशवी कॅमेऱ्याजवळ धरून)

आता ही बघा. हिला सगळे कापडी पिशवी म्हणतात. उजेडासमोर धरा. उभे-आडवे धागे दिसतात? नाही. सगळीकडे बारीक ठिपक्यांचे ठसे आहेत. हे कापड विणलेलंच नाही, तंतू उष्णतेनं दाबून चिकटवलेत, आणि ते तंतू आहेत पॉलीप्रॉपिलीनचे. म्हणजे प्लॅस्टिक! बाल्कनीत उन्हात राहिली की हिचा भुगा होतो आणि झाडताना तो घरभर उडतो. ३० सप्टेंबर २०२१ पासून देशात ६० जीएसएमपेक्षा, म्हणजे दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा, पातळ अशा पिशवीला परवानगी नाही. तरी वाणात ती अजून येते, आणि देणारीला वाटतं आपण पर्यावरणासाठी काहीतरी चांगलं केलं. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तुमच्याकडे असतील तर भाजीला वापरा, उन्हात ठेवू नका, फाटली की सुक्या कचऱ्यात. नव्या मात्र विकत घेऊ नका.

वाणावर गुंडाळलेला हा चकचकीत कागद मुठीत चुरगाळा आणि सोडा. आपोआप उलगडला? मग त्यावर प्लॅस्टिकचा थर आहे, रद्दीत घालू नका.

डब्यांच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ही ५ नंबरची, पॉलीप्रॉपिलीनची, भंगारात चालते. पण धड डबी भंगारात का घालायची? जवळच्या अंगणवाडीत मणी, खडू ठेवायला लागतात का, सेविकाताईंना विचारा, आणि सांगतील तेवढ्याच न्या. मेलामाइनच्या वाट्यांचं तसं नाही. ते वितळवून पुन्हा घडवता येत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. माझ्या वाट्या आता कुंड्यांखाली आहेत. स्टीलची काळजीच नको, ते शेवटी वजनावर तरी जातं.

हळदीच्या पुडीवर 'फक्त पूजेसाठी' लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ती देवघरातच ठेवा, आमटीत घालू नका.

पुण्यात असाल तर 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरातल्या जुन्या, वापरण्याजोग्या वस्तूही गोळा करते. देताना पुसून, कोरड्या द्या. पुढे त्या हातानं वेगळ्या करणारी एक बाई असते.

पण हा ढीग मुळात होऊच नये, यासाठी या वर्षी मी एक केलं. शेजारच्या काकूंना संक्रांतीआधीच सांगितलं, "काकू, यंदा मला वाण म्हणून नुसता तिळगूळ द्या." बोलताना जीव धाकधूक करत होता. त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललीस गं, काय आणावं मलाच सुचत नव्हतं." मग आमच्या मजल्यावर ठरलंच, वाण खपणारं द्यायचं. कुणी गूळ, कुणी मूग, कुणी काकवी.

(ब्लाउजपीस उलगडत)

राहिले हे नऊ. रंग सुरेख आहेत, पण माप अपुरं, ब्लाउज होत नाही. खाली शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे घेऊन गेले. त्यांनी टेप लावली, म्हणाल्या एका तुकड्यात भाजीच्या दोन पिशव्या बसतात, बंद मात्र दुहेरी घ्यावे लागतील, नाहीतर बटाट्यांच्या वजनानं तुटतात. ही पहिली तयार झालीय. हिच्यात अडीच किलो बटाटे घालून बाजारातून आणले, शिवण कुठे उसवली नाही.

अशा अठरा होतील. माझं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी आहे.