पाच फूट तीन इंच

(दृश्य: कॉर्क शहर, केंट स्टेशन. सकाळची गर्दी.)

लोक कॉफीचा कप सांभाळत गाडी पकडायला धावतायत आणि त्यांच्या बाजूला चौथऱ्यावर एक इंजिन शांत उभं आहे. नंबर ३६. लिव्हरपूलच्या बरी, कर्टिस अँड केनेडी या कारखान्यात १८४७ साली बनलेलं, मधे चाकांची एकच मोठी जोडी, ड्रायव्हरला डोक्यावर छप्पर नाही, म्हणजे पाऊस आला की थेट अंगावर, आणि आयर्लंडमधे पाऊस येतोच.

या इंजिनाबद्दल आज आपल्याला जेवढं माहितीये ते आपोआप उरलेलं नाहीये. कुणीतरी जुनी रजिस्टरं चाळली, कुणीतरी फोटो जुळवले, कुणीतरी नंबर लिहून ठेवले. ही गोष्ट त्याच माणसांची आहे, पण ती सुरू होते रुळांमधल्या अंतरापासून.

(दृश्य: जुना नकाशा, डब्लिन ते किंग्जटाउन.)

आयर्लंडची पहिली रेल्वे १७ डिसेंबर १८३४ ला सुरू झाली, डब्लिन ते किंग्जटाउन, ज्याला आज डन लीरी म्हणतात. आपली बोरीबंदर–ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे ही आयर्लंडची त्याच्याही आधी अठरा वर्षं. त्या पहिल्या लाइनचं गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, इंग्लंडसारखंच होतं, चार फूट साडेआठ इंच. मग उत्तरेत बेलफास्टकडे अल्स्टर रेल्वेनं रूळ टाकले ते सहा फूट दोन इंचावर, आणि डब्लिन–ड्रॉहेडावाल्यांनी ठरवलं पाच फूट दोन इंच. एवढंसं बेट आणि तीन कंपन्यांची तीन मापं! भांडण सरकारपर्यंत गेलं. मेजर जनरल पॅस्ली यांनी इंजिनिअरांची मतं मागवली, कुणी म्हणे पाच फूट पुरे, कुणी म्हणे साडेपाच हवं, शेवटी त्यांनी सरळ मधला आकडा काढला, पाच फूट तीन इंच. १८४६ च्या कायद्यानं तोच आयर्लंडचा गेज झाला आणि आजही तोच आहे.

आता हे एवढं का सांगतोय, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. इंग्लंडमधे एखादी लाइन बंद झाली तर तिथलं इंजिन शेजारच्या लाइनवर चालवता यायचं. आयर्लंडला बाहेरून काही आणायचं तर आधी त्याची चाकं बदला, आणि इथलं काही बाहेर विकायचं म्हटलं तर घेणार कोण? हा गेज ऑस्ट्रेलियाच्या काही भागात आणि ब्राझीलमधे आहे, पण तिथे जुनी इंजिनं कोण पाठवणार. त्यामुळे आयरिश इंजिन सर्व्हिसमधून निघालं की त्याचा रस्ता बहुतेक वेळा एकच, भंगार.

(दृश्य: कृष्णधवल फोटो, वूलिच इंजिन, मालगाडीसह.)

याचं मला सगळ्यात चटका लावणारं उदाहरण म्हणजे वूलिच मोगल. मोगल म्हणजे पुढे दोन छोटी आणि मागे सहा मोठी चाकं असलेलं वाफेचं इंजिन. रिचर्ड मॉन्सेल हा डब्लिनचा माणूस, तिथल्याच इंचिकोर रेल्वे वर्कशॉपमधे शिकला, तिथलाच प्रमुख झाला आणि १९१३ ला इंग्लंडला गेला. तिथे त्यानं एक इंजिन डिझाइन केलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर लंडनजवळच्या वूलिचच्या तोफखान्यातल्या कामगारांना काम हवं होतं म्हणून सरकारनं तिथे याच डिझाइनचे सुटे भाग बनवून घेतले, आणि ते पडून राहिले. मग आयर्लंडच्या मिडलँड ग्रेट वेस्टर्न कंपनीनं १२ इंजिनांचे भाग विकत घेतले, १९२५ मधे दक्षिणेतल्या बहुतेक कंपन्या ग्रेट सदर्न रेल्वेजमधे विलीन झाल्यावर आणखी घेतले गेले, चाकं आयरिश गेजला बसवली आणि इथेच इंजिनं जोडली. एकूण २६. डब्लिनच्या माणसाचं डिझाइन फिरून फिरून सुट्या भागांत डब्लिनला परत आलं! १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळी गेली. इंग्लंडमधे त्या जातीचं एक तरी उरलंय, आयर्लंडमधे शून्य.

जे गेलं ते कागदावर तरी राहावं म्हणून काही लोक आधीच कामाला लागले होते. १९४६ मधे आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटी स्थापन झाली. नावातच रेकॉर्ड आहे, बघा. कोणतं इंजिन कोणत्या शेडला, कोणत्या वर्षी बॉयलर बदलला, कधी भंगारात गेलं, ही सगळी नोंद. वरवर रुक्ष वाटतं, पण नंबरावरून काय काय कळतं ते पाहा.

(दृश्य: रंगीत फोटो, डिझेल इंजिन, नंबर ए३९आर.)

समजा तुमच्या हाती हा एक फोटो आलाय, मागे तारीख नाही, जागेचं नाव नाही. इंजिन मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं, ए क्लास. अशी ६० इंजिनं १९५५–५६ मधे आली, चंदेरी रंगाची, आत क्रॉस्ली कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि ते इतकं त्रास द्यायचं, इतका धूर काढायचं, की १९६८ पासून त्यांच्यात जनरल मोटर्सची इंजिनं बसवायला घेतली. ज्याचं इंजिन बदललं त्याच्या नंबरापुढे आर लागला. आणि १९७२ मधे अक्षरंच काढून टाकली, ए३९आर झालं नुसतं ०३९. म्हणजे नंबरापुढे आर दिसतोय तर फोटो साधारण १९६८ ते १९७२ मधला. चार वर्षांच्या खिडकीत आलात तुम्ही, एका अक्षरावरून! मग अंगावरचा रंग बघायचा, मागचे डबे बघायचे, सिग्नल बघायचा, आणि खिडकी बारीक होत जाते.

यातलं ए३९ आजही आहे. आयरिश ट्रॅक्शन ग्रुप म्हणून डिझेलप्रेमींचा गट आहे, १९८९ चा, त्यांनी ते वाचवलं. आणि ए५५ चं काय झालं माहितीये? रॉसकॉमन जिल्ह्यात कॅसलरी गावी एका पबनं ते घेतलंय, इंजिनाचं नाक थेट पबच्या आत. खरंच. मला तरी ते आवडतं, भंगारापेक्षा कधीही बरं.

(दृश्य: धूर, शिट्टी, व्हाइटहेडची शेड.)

वाफेच्या इंजिनांसाठी १९६४ मधे रेल्वे प्रिझर्वेशन सोसायटी ऑफ आयर्लंड सुरू झाली, मुक्काम अँट्रिम जिल्ह्यात व्हाइटहेड. त्यांच्याकडे १८४ आणि १८६ ही जोडी आहे, दोन्ही १०१ क्लासची. या क्लासची १८६६ ते १९०३ पर्यंत १११ इंजिनं बनली, मालगाडी, पॅसेंजर, जे लावाल ते ओढणारी, गावातल्या मेहनती बैलासारखी. १८६ बनलं मँचेस्टरला १८७९ मधे आणि १८४ इंचिकोरला १८८० मधे. एकाचा बॉयलर नंतर सुधारून सुपरहीटवाला, म्हणजे वाफ आणखी तापवणारा झाला, दुसऱ्याचा जुन्या पद्धतीचाच राहिला. म्हणजे दोन्ही शेजारी उभी केली की सुधारणा काय झाली ते डोळ्यांनी बघता येतं, पुस्तक उघडावं लागत नाही.

डब्यांची गोष्ट वेगळी. जुने डबे चाकं काढून विकले जायचे, आणि लोक त्यांचं काहीही करायचे, समुद्रकाठचं सुट्टीचं घर, बागेतली खोली, कोंबड्यांचं खुराडं. वर पत्रा टाकला, बाजूला भिंत बांधली, की आत रेल्वेचा डबा आहे हे पुढच्या पिढीला माहीतही नसायचं. म्हणून डब्यांच्या मागे लागलेली माणसं रुळांवर कमी आणि शेतांत जास्त फिरतात. रंगाचा एकेक थर खरवडत जायचं, खाली कंपनीचं चिन्ह किंवा नंबर सापडला की त्या सांगाड्याला ओळख मिळते.

डोनेगलच्या तीन फुटी गेजचं नशीब मात्र निराळं. ती लाइन १९५९ च्या शेवटच्या दिवशी बंद झाली, पण जवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरही गेज तीन फूटच, म्हणून डोनेगलच्या दोन डिझेल रेलकार, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारे डबे, सरळ तिकडे विकल्या गेल्या. आणि काही इंजिनं एका अमेरिकन गृहस्थानं घरी न्यायला विकत घेतली, ती कधी बोटीत चढलीच नाहीत, आणि पडून राहिली म्हणून वाचली. आज त्यातली चार आहेत.

(दृश्य: वर्कशॉप. टेबलावर पसरलेली ड्रॉइंग्ज.)

आणि आता परत व्हाइटहेड. बेलफास्टकडच्या नॉर्दर्न काउंटीज लाइनवर १९३३ पासून १५ मोगल इंजिनं बनली, नंबर ९० ते १०४. एकही वाचलं नाही. पण त्यांच्याच घरातलं नंतरचं एक टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारं), १९४७ चं नंबर ४, वाचलंय आणि ते या सोसायटीकडेच आहे, त्यामुळे कित्येक भाग नक्की कसे होते ते हात लावून मोजता येतं. जे उरलं नाही ते कागदांवरून आणि नंबर ४ वरून शोधत ही माणसं आता तसंच एक नवं इंजिन बनवतायत, पाच फूट तीन इंचावर चालणारं.

शेवटचं होतं १०४. याला नंबर दिलाय १०५.