कुणी कुणाला दिलं?

विद्यार्थी मित्रांनो, परकीय भाषेच्या विभागात नव्याने आलेल्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ही भाषा यायला किती वेळ लागेल? आणि भाषांतर आता यंत्रच करतं, तर इतकी वर्षं कशाला घालवायची?

पहिल्याचं उत्तर आकड्यात देता येतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्याला कामापुरती जपानी यायला वर्गातले साधारण २२०० तास लागतात, असा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अनुभव आहे. स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पुरतात. अर्थात हे इंग्रजीवाल्यांचे तास. आपला हिशेब वेगळा. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठीतही येतं. जर्मनमध्ये ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इंग्रजीवाले हैराण होतात. ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्याला त्यात नवल का वाटावं? जपान सरकारने नित्य वापराची म्हणून ठरवलेली २१३६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं, मात्र सगळ्यांना सारखीच घोटावी लागतात. तिथे सवलत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला एका क्रियापदाने दिलं.

आपल्याकडे ‘देणं’ एकच. मी तुला दिलं, तू मला दिलंस. जपानीत दिशा बदलली की क्रियापद बदलतं. मी दुसऱ्याला देतो तेव्हा ‘आगेरु’. दुसरा मला देतो तेव्हा ‘कुरेरु’. आता परक्या माणसाने माझ्या धाकट्या भावाला पुस्तक दिलं, तर? तिथेही ‘कुरेरु’, कारण भाऊ माझा. म्हणजे क्रियापद निवडण्याआधी ठरवायला हवं की या घडीला माझ्या बाजूचं कोण आणि पलीकडचं कोण. आतल्याला ‘उचि’ म्हणतात, बाहेरच्याला ‘सोतो’. हे शब्द अभ्यासक्रमात ‘जपानी समाज’ या विषयात येतात आणि क्रियापदं ‘व्याकरणा’त. ही वाटणी मला कधीच पटलेली नाही. ज्या मुलाला उचि-सोतो कळलं नाही, त्याचं ‘देणं’ चुकतंच.

माझंही चुकलं होतं. दुसऱ्या वर्षी आमच्या बाई जड पिशवी घेऊन जिना चढत होत्या. मी धावत गेलो आणि ‘मोत्ते आगेमाशो का’, म्हणजे ‘पिशवी धरून देऊ का’, असं विचारलं. व्याकरण अचूक. पण ‘आगेरु’ असं दुसऱ्या क्रियापदाला जोडलं की त्यात उपकार येतो. वडीलधाऱ्या माणसासमोर ते फार खटकतं. बाई क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ओमोचिशिमासु’, म्हणजे नम्रपणे ‘मी धरतो’, असं म्हणावं. त्या वाक्यात उपकाराचा वास नाही, स्वतःला खाली ठेवणं आहे. त्या दिवशी मला कळलं की मी शब्द शिकलो होतो, पण समोरच्यापुढे कुठे उभं राहायचं ते शिकलो नव्हतो. यंत्र आता ही वाक्यं चांगली जुळवतं. पण जिन्यावर उभं असतो तो मीच.

आणि हे शिकायला विद्यापीठच का, तर तिथे भाषेचा इतिहासही समोर ठेवता येतो. आपल्या विभागांचा स्वतःचा इतिहाससुद्धा, आणि तो सगळा निर्मळ नाही. पॅरिसची पौर्वात्य भाषांची शाळा १७९५ साली निघाली, ती राजकारण आणि व्यापार यांच्या उपयोगासाठी. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेची स्थापना १९१६ची. वसाहतींचा कारभार पाहणारे अधिकारी घडवणं हा तिच्यामागचा एक हेतू होता. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने भाषाशिक्षणाला पैसा दिला, तो राष्ट्रीय संरक्षणाच्या कायद्याखाली! हुकूम सोडायला भाषा शिकणाऱ्याला काय बोलायचं एवढंच लागतं. ऐकायला शिकणाऱ्याला फार जास्त लागतं. आपण ऐकायला शिकावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सांगतो आहे.

साधारण दुसऱ्या वर्षी तुम्हाला वाटेल की प्रगती थांबली. सोपं सगळं येतं, अवघड काहीच येत नाही. बरेच जण तिथे सोडून देतात. तेव्हा धडे बाजूला ठेवा आणि एक लहानशी कथा घ्या. महिनाभर तीच वाचा. कोण कुणाला ‘कुरेरु’ म्हणतंय आणि कुठल्या पानावर ते थांबतं, एवढंच पाहत जा. नात्यातला दुरावा कधी कधी एवढ्यावरच उघडा पडतो.

परकी भाषा आपल्या भाषेकडेही पाहायला लावते. मराठी शिकणारी एक जपानी मैत्रीण होती. आम्ही चौघं बोलत होतो, मी म्हणालो, ‘उद्या आपण ग्रंथालयात जाऊ.’ ती अडखळली. जपानीत ‘वाताशिताची’, म्हणजे इंग्रजीतलं ‘वुई’, म्हटलं की ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, ते त्या शब्दावरून कळत नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तिने नुकताच वाचला होता, मी मात्र जन्मभर वापरूनही कधी पाहिला नव्हता. तिने जपून विचारलं, “‘आपण’ म्हणालात. म्हणजे मी पण?”

“हो,” मी म्हटलं, “तू पण.”