कागद तोच, रात्र वेगळी

हणजूणचा किनारा. साठच्या दशकाच्या अखेरीस परदेशी हिप्पी इथे येऊन राहिले, त्यांच्यासोबत एलएसडीही आलं, म्हणजे कागदाच्या तुकड्यात मुरवून जिभेवर ठेवायचं, भास घडवणारं अमली रसायन. पुढे इथल्या रात्रींच्या ट्रान्स संगीताला जगानं गोव्याचंच नाव दिलं. त्या रात्रींबद्दल कुणी सांगतो, स्वर्ग पाहिला. कुणी पहाटेपर्यंत थरथरत रडला. कागदाचा तुकडा दोघांच्या जिभेवर एकाच पानातला. मग फरक आला कुठून?

स्वित्झर्लंडमधलं बाझल शहर, १९ एप्रिल १९४३. रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी स्वतःच बनवलेलं एलएसडी मुद्दाम घेतलं. २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा चार हजारावा भाग. युद्धामुळे मोटारींवर निर्बंध होते, म्हणून सायकलवरून घर गाठलं. घरातलं सामान अंगावर धावून येतंय असं वाटू लागलं. दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना रंगीत मुखवट्यातली चेटकीण दिसली. आपण आता मरणार, अशी त्यांची खात्री झाली. डॉक्टर आले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, फक्त डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या. हळूहळू भीती ओसरली आणि मिटल्या डोळ्यांसमोर रंगांची कारंजी उडू लागली. असर उतरत होता हे खरं. पण धोका नाही, हे कुणीतरी तपासून सांगितलं होतं, त्याचं मोल मला मोठं वाटतं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सायलोसायबिनचे, म्हणजे काही अळंब्यांत सापडणाऱ्या, एलएसडीसारखेच भास घडवणाऱ्या द्रव्याचे प्रयोग होतात, तेव्हा आधी माणसाशी तासन्‌तास बोलणं होतं. मग दिवाणखान्यासारखी खोली, डोळ्यांवर पट्टी, संगीत आणि शेवटपर्यंत शेजारी बसलेली ओळखीची माणसं. मानसिक आजाराचा धोका असलेल्यांना तर प्रयोगात घेतच नाहीत.

आपल्याकडे शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. तिथे नशेचा लवलेश नाही. पण व्रत, उपास, तळीवरचं स्नान, सोबतचे धोंड, हे सगळं आधी असतं. मन अशा क्षणासाठी घडवावं लागतं, हे गोव्याच्या गावांना नव्यानं शिकवायला नको.

किनाऱ्यावरच्या पार्टीत यातलं काय असतं? अनोळखी गर्दी, कानठळ्या बसवणारा आवाज, कागदावर नेमकं काय आहे याचा पत्ता नाही, आणि १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं हा गुन्हा असल्यामुळे मदत मागायचीही धास्ती.

म्हणून कुणी घाबरलेलं दिसलं तर त्याला दरडावू नका, वाद घालू नका. आवाजापासून दूर न्या, त्याच्या ओळखीच्या माणसाला जवळ बसवा, एकटं सोडू नका. अंग तापलं, झटके आले, शुद्ध हरपली, तर १०८ला फोन करा आणि त्यानं काय घेतलंय ते खरं सांगा.