पहिला फोन, पहिली भेट

(दृश्य: टेबलावर फोन. शेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी.)

स्वतःला इजा करून घेण्यावर उपचार हवेत म्हणून डॉक्टरांना किंवा थेरपिस्टला फोन लावायचा म्हटलं की पहिलं वाक्यच घशात अडकतं. म्हणून ते आधी कागदावर लिहा आणि वाचून दाखवा : 'मी स्वतःला इजा करून घेतली आहे. शेवटचं अमुक दिवशी झालं. मला यावर उपचार हवेत.' सगळी कहाणी फोनवर सांगायची गरज नाही. पण नुसतं 'जरा टेन्शन आहे' म्हणू नका. तेवढं ऐकून समोरच्याला घाई कळत नाही आणि भेट लांबची मिळते.

पुढे जाण्याआधी एक महत्त्वाचं. आत्ता ताजी जखम असेल, जास्त औषध पोटात गेलं असेल किंवा जगूच नये असं वाटत असेल, तर हा व्हिडिओ इथेच थांबवा. तुमच्या भागातल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, किंवा कुणालातरी सोबत घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. औषध जास्त गेलं असेल तर बरं वाटत असलं तरी जायचं. काही औषधांचा त्रास उशिरा दिसतो.

आता, जायचं कुणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. ते तपासतात, निदान करतात, औषध लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा प्रशिक्षित थेरपिस्ट थेरपी देतात, म्हणजे बोलण्यातून उपचार करतात. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून केली तरी चालते. पण इथे एक चूक वारंवार होते : गोळ्या मिळाल्या की उपचार सुरू झाले, असं समजून थांबायचं. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेची २०२२ सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, केवळ स्वतःला इजा करणं कमी व्हावं म्हणून औषध देऊ नये. सोबत नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर त्यावरचं औषध जरूर घ्यावं, आणि चालू औषध मनानेच बंद करू नये. पण ही सवय सोडवण्याचं मुख्य काम थेरपीतच होतं.

(दृश्य: भिंतीवर फळा, त्यावर चार रकाने.)

यातली एक नावाजलेली पद्धत म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजेच डीबीटी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ती तयार केली. तिची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपणही याच त्रासातून गेलो होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. पूर्ण डीबीटीचे चार भाग असतात : आठवड्याला एक वैयक्तिक भेट, आठवड्याला एक कौशल्यवर्ग (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारा), अडचणीच्या क्षणी थेरपिस्टला फोन करण्याची सोय आणि थेरपिस्टची आपसातली बैठक. मुदत बहुधा एक वर्षाची. कुणी 'आम्ही डीबीटी करतो' म्हणालं, तर विचारा : यातलं तुमच्याकडे काय काय आहे? नुसता वर्ग असला तरी उपयोग होतो, पण ती पूर्ण डीबीटी नव्हे. आणि ती मिळालीच नाही, तर सीबीटीवर, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीवर, आधारलेले उपचारही चालतात. 'नाइस' प्रौढांसाठी तेच सुचवते, साधारण ४ ते १० भेटींचे.

थेरपीत नेमकं होतं काय, ते एका कागदावर पाहू.

(दृश्य: कॅमेरा कागदावर. पेन्सिलने आखलेली साखळी.)

याला साखळी विश्लेषण म्हणतात. इजा झाली तो क्षण उजव्या टोकाला. तिथून मागे जायचं. रात्री अकराला ते घडलं. साडेदहाला काय चाललं होतं? मेसेज वाचला. वाचल्यावर मनात काय आलं? 'मी कुणालाच नको आहे.' अंगात काय झालं? छाती आवळली. त्याआधी? दुपारपासून पोटात अन्न नव्हतं, आदल्या रात्री झोप नव्हती. आता डावीकडे दोन नाजूक कड्या दिसतात, भूक आणि झोप, आणि त्या आज बदलता येतात. मग शेवटची कडी, जी बहुतेक जण लाजेने गाळतात : त्यानंतर काय मिळालं? थोडी शांतता? सुन्नपणा गेला? हा प्रश्न टाळणारा उपचार अपुरा आहे. त्या कृतीने जे काम केलं, ते काम दुसऱ्या कशाने तरी व्हायला हवं. नाहीतर नुसती बंदी फार दिवस टिकत नाही.

म्हणूनच पहिल्याच भेटीत 'पुन्हा करणार नाही' असं लिहून घेणारा थेरपिस्ट दिसला तर सावध व्हा. असं वचन मोडलं की माणूस खरं बोलणं बंद करतो. त्याऐवजी सुरक्षितता योजना बनवून घ्या. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आखलेल्या योजनेत सहा पायऱ्या आहेत : धोक्याची चाहूल कशी ओळखायची, एकट्याने काय करायचं, मन दुसरीकडे गुंतवायला कुणाकडे किंवा कुठे जायचं, मदत कुणाकडे मागायची, कोणत्या तज्ज्ञांना आणि हेल्पलाइनला फोन करायचा, आणि इजा होऊ शकेल अशा वस्तू आपल्यापासून दूर कशा ठेवायच्या. नंबर पूर्ण लिहा. त्या घडीला शोधाशोध होत नाही.

गुप्ततेबद्दल पहिल्या भेटीतच विचारा : मी सांगितलेलं कुणाला, कधी कळवाल? जिवाला धोका दिसला तर थेरपिस्टना इतरांना सांगावं लागू शकतं. वय अठराच्या आत असेल तर पालकांना काय कळेल, हेही त्याच वेळी ठरवून घ्या. पालकांनो, खोली उलथीपालथी करून आणि हात तपासून मूल आणखी लपवायला शिकतं. वस्तू दूर ठेवायच्या आहेत, तर त्याच्याशी बोलून ठेवा. किशोरवयीनांच्या डीबीटीत पालकही कौशल्यवर्गाला बसतात, तुम्हीही बसा.

पहिल्या थेरपिस्टशी सूर जुळला नाही, तर तीन-चार भेटींनंतर तसं सांगा आणि दुसऱ्याचं नाव मागा. त्यात कुणाचाही अपमान नाही. खरी गळती होते ती दुसऱ्याच ठिकाणी. महिनाभर सगळं ठीक चालतं, मग एका रात्री पुन्हा घडतं, आणि शरमेने पुढची भेट रद्द होते. ती रद्द करू नका. जखमेवर उपचार करून घ्या, झोप काढा, आणि जमेल तितकी त्या रात्रीची साखळी कागदावर मांडा. अर्धवट असली तरी चालेल. भेटीला बसल्यावर तोच कागद आधी पुढे करा.