पंचवीसमधला पाच

तिसरीतल्या एका मुलीबद्दल सांगते. त्रेचाळीस वजा अठरा. वहीत उभी मांडणी व्यवस्थित, खाली उत्तर 35 आणि त्यावर लाल फुली. मी विचारलं, "कसं केलंस गं?" म्हणाली, "तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढले. मोठ्यातून लहान वजा करायचं ना?" हा नियम पहिलीत आपणच तिला दिला होता. तिनं तो इमानेइतबारे पाळला.

मग आम्ही काड्या घेऊन जमिनीवर बसलो. दहा-दहाचे चार गठ्ठे, सुट्ट्या तीन. म्हटलं, "मला अठरा दे." तिनं एक गठ्ठा दिला, तीन सुट्ट्या दिल्या आणि अडली. बराच वेळ तशीच बसून राहिली. मीही बोलले नाही. शेवटी तिनं स्वतःहून एका गठ्ठ्याचं रबर काढलं, त्यातल्या पाच काड्या माझ्या हातावर ठेवल्या. उरलेल्या मोजून म्हणाली, "पंचवीस!" आणि पाटीवर लिहिलं, 52.

वजाबाकी तिला आली होती. अडचण आपल्या भाषेतल्या नावाची होती. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. 'एकोणतीस'मध्ये तर कानावर तीस पडतं आणि लिहायचे दोन आणि नऊ. बहुतेक मुलं हे सवयीनं पार करतात. काहींना तो घाट रोज नव्यानं चढावा लागतो.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतो ना? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत होत्या, आणि विधानसभेपर्यंत थट्टा चालली होती. जुनी नावं तर पुस्तकात होतीच. मला त्या थट्टेचं आजही वाईट वाटतं, कारण ती ज्यांच्या अंगावर गेली ती मुलं सात वर्षांची होती.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलियाचा, म्हणजे संख्यांशी निगडित अध्ययन अक्षमतेचा, स्पष्ट उल्लेख आहे. ज्या मुलांना ती खरोखर आहे त्यांची तपासणी व्हावी, सवलत मिळावी. पालकांनी त्यात कमीपणा मानू नये. पण काड्या कधी हातात न देता, पाढे घडाघडा येत नाहीत एवढ्यावरून कुणालाही 'गणितात कच्चा' म्हणू नका. पाठांतर वेगळं, संख्येची समज वेगळी.

त्या मुलीला आम्ही कार्डं करून दिली. वीसचं कार्ड खाली, त्यातल्या शून्यावर पाचचं ठेवायचं, की दिसतात पंचवीस. आता कार्डं लागत नाहीत. लिहिण्याआधी ती 'वीस पाच' असं पुटपुटते, बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून ओठांतल्या ओठांत.