कर कुणाच्या सवयीवर?

श्रोतेहो,

साखर, मीठ किंवा मेद जास्त असलेल्या खाण्यापिण्यावर आरोग्यासाठी कर लावावा का, या विषयावर बोलायला उभं राहिलं की सभागृहाचे दोन भाग पडतात. एका बाजूचं म्हणणं असं, की लोकांनी काय खावं-प्यावं यात सरकारनं नाक खुपसू नये. दुसरी बाजू म्हणते, लठ्ठपणा आणि मधुमेह वाढत असताना सरकारला हातावर हात ठेवून बसता येणार नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते: हा कर म्हणजे खाणाऱ्याला लावलेली शिस्त. मला हे गृहीतक चुकीचं वाटतं. कराचं खरं काम खाणाऱ्याच्या ताटाशी नाही, बनवणाऱ्याच्या पाककृतीशी आहे. जिथे तो तिथे पोचला तिथे तो कामी आला, आणि जिथे नुसताच ताटावर बसला तिथे एक तर कोसळला किंवा अर्धवट राहिला. आज मला हेच मांडायचं आहे.

कल्पना जुनी आहे. अॅडम स्मिथ यांनी १७७६ साली लिहून ठेवलं आहे की साखर, रम आणि तंबाखू या जगण्यासाठी अत्यावश्यक वस्तू नाहीत, तरी जवळजवळ सगळेच त्या वापरतात, म्हणून त्या कर लावायला अतिशय योग्य आहेत. स्मिथ यांच्या डोळ्यांसमोर आरोग्य नव्हतं, तिजोरी होती. पुढे १९२० मध्ये केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी दुसरा विचार दिला. एखाद्या व्यवहाराचं नुकसान त्रयस्थाला सोसावं लागत असेल, तर तेवढा भार कराच्या रूपानं किमतीत यायला हवा. कारखान्याच्या धुराला हे चपखल लागू होतं. खाण्याला तितकंसं नाही, कारण मी गोड जास्त खाल्लं तर आधी माझंच शरीर बिघडतं.

यावर नेहमी उत्तर दिलं जातं की आजारी माणसाच्या उपचाराचा खर्च शेवटी सगळ्यांवरच पडतो. हा युक्तिवाद मी वापरत नाही. आजारी माणूस म्हणजे समाजावरचा बोजा, ही भाषा एकदा तोंडात बसली की ती कुणाहीविरुद्ध वापरता येते. मला दुसरं कारण जास्त पटतं, आणि ते मुलांचं आहे. गोडाची, खारटाची आवड लहानपणी घडते. त्या वयात निवडीचं स्वातंत्र्य हा शब्दच पोकळ असतो. मूल निवडत नाही, त्याच्यासमोर जे येतं ते ते घेतं. आणि समोर काय येणार, त्यात साखर किती असणार, ते किती स्वस्त असणार, हे सगळं एखाद्या कंपनीच्या बैठकीत आधीच ठरलेलं असतं. म्हणजे आपल्या खाण्यावर बाहेरून कुणाचा प्रभाव नाही आणि सरकार तो पहिल्यांदाच आणू पाहतं आहे, असं चित्र मुळातच खरं नाही.

आता डेन्मार्ककडे पाहू, कारण विरोधक पहिलं उदाहरण तेच देतात आणि ते द्यायलाच हवं. ऑक्टोबर २०११ मध्ये डेन्मार्कनं संपृक्त मेदावर, म्हणजे लोण्यासारख्या पदार्थांत भरपूर असणाऱ्या सॅच्युरेटेड फॅटवर, कर लावला. ज्या पदार्थात हा मेद २.३ टक्क्यांपेक्षा जास्त, त्यातल्या मेदाच्या दर किलोमागे १६ क्रोनर. लोणी, चीज, मांस, तेल असं बरंच काही त्याच्या कक्षेत आलं. लोक सीमा ओलांडून जर्मनीत आणि स्वीडनमध्ये खरेदीला जाऊ लागले. उत्पादक आणि दुकानदार हिशेबाच्या कटकटीनं वैतागले. जानेवारी २०१३ पासून कर रद्द झाला. जेमतेम सव्वा वर्ष टिकला.

सीमा जवळ होती हे कारण खरं आहे, पण माझ्या मते ते वरवरचं आहे. लोण्यातून मेद काढला तर लोणी उरत नाही. चीजचंही बहुतांशी तसंच. म्हणजे बनवणाऱ्याला बदलण्यासारखं फारसं काही नव्हतंच. सगळा भार खाणाऱ्यावर आला: जास्त पैसे दे, नाही तर सोडून दे. शिवाय चीजमध्ये प्रथिनं आणि कॅल्शियमही असतं, त्या पदार्थाला एका घटकावरून दोषी ठरवणं लोकांना पटलं नाही. मलाही ते पटत नाही.

साखरयुक्त पेयाची गोष्ट वेगळी. पाणी, साखर, रंग, स्वाद आणि वायू. त्यातली साखर कमी केली तर शरीराचं काहीही हरवत नाही. ३३० मिलिलिटरच्या एका साध्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास नऊ चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं. रोज २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी ही १० टक्क्यांची मर्यादा ५० ग्रॅम होते. एका कॅनमध्ये तिचा दोन-तृतीयांशाहून जास्त वाटा संपतो. आणि पोट भरल्याची जाणीव? ती जवळजवळ होतच नाही. प्यायलेल्या कॅलरींचा हिशेब शरीर पुढच्या जेवणात नीट चुकता करत नाही.

मेक्सिकोनं जानेवारी २०१४ पासून अशा पेयांवर लिटरमागे १ पेसो कर लावला. किंमत साधारण दहा टक्क्यांनी वाढली. पहिल्या वर्षी करपात्र पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, डिसेंबरपर्यंत घट १२ टक्क्यांवर गेली, आणि सर्वांत गरीब घरांत ती त्याहून जास्त होती. दुसऱ्या वर्षीही परिणाम ओसरला नाही. किमतीनं सवय बदलतच नाही असं म्हणणाऱ्यांना हे आकडे पुरेसं उत्तर आहेत. तरी या करात एक उणीव होती. तो लिटरवर होता. शंभर मिलिलिटरमध्ये ६ ग्रॅम साखर असो की ११, कर तोच. मग कंपनीनं साखर कमी करावी तरी कशासाठी?

ब्रिटननं नेमकं हेच हेरलं. मार्च २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं की दोन वर्षांनी कर येणार आहे. शंभर मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही. ५ ग्रॅमपासून पुढे लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅमपासून पुढे २४ पेन्स. एप्रिल २०१८ मध्ये कर लागू झाला, पण त्याचं निम्मं काम तोवर होऊन गेलं होतं. त्या दोन वर्षांत कंपन्या आपापल्या पाककृती बदलत होत्या. २०१५ ते २०१९ या काळात करकक्षेतल्या पेयांमधली साखर सरासरी ४४ टक्क्यांच्या आसपास घटली. आणि पेयांचा एकूण खप? तो घटला नाही, उलट वाढला. माणसं तेच पेय पीत राहिली, त्यांच्या पोटात साखर मात्र कमी गेली. कुणी कुणाला उपदेश केला नाही, कुणाचं आवडतं पेय हिरावलं गेलं नाही.

तिजोरीत मात्र पहिल्या अंदाजापेक्षा बराच कमी पैसा आला. हे अपयश म्हणून सांगितलं गेलेलं मी ऐकलं आहे. मी ते यश मानतो. आरोग्यासाठीचा कर ज्या दिवशी भरपूर पैसा देऊ लागेल त्या दिवशी समजावं की तो आपलं मूळ काम करत नाही. अर्थमंत्र्यांना हे पचणं कठीण असतं, म्हणून असा कर लावताना हेतू कोणता, हे आधीच स्वच्छ सांगून टाकायला हवं.

प्रकृतीवर परिणाम झाला का? इंग्लंडमध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा, कर नसता तर जितका अपेक्षित होता त्यापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळला. मुलग्यांमध्ये असा फरक दिसला नाही. दात काढण्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा १२ टक्क्यांनी कमी निघालं. चमत्कार नाही. पण लहान मुलाला भूल देऊन किडलेले दात काढावे लागतात, ते काही मुलांच्या बाबतीत टळलं असेल, तर एवढ्यासाठीही मी या कराच्या बाजूनं उभा राहीन.

ब्रिटनच्या रचनेतही एक फट राहिली. ५ ग्रॅमची रेषा आखली की पुष्कळ पेयं बरोबर तिच्या खाली येऊन थांबतात आणि मग हलत नाहीत. दक्षिण आफ्रिकेची पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. तिथे एप्रिल २०१८ पासून शंभर मिलिलिटरमधली पहिली ४ ग्रॅम साखर मोकळी आणि त्यापुढच्या प्रत्येक ग्रॅमवर २.१ सेंट कर होता. म्हणजे उत्पादकानं कमी केलेला प्रत्येक ग्रॅम त्याचे पैसे वाचवतो. आणखी एक, दर महागाईशी जोडलेला हवा. ब्रिटनमधला दर कित्येक वर्षं जागचा हलला नाही, त्या काळात बाकी सगळं महागलं आणि कराची धार बोथट होत गेली.

आता सर्वांत अवघड आक्षेप. हा कर श्रीमंताच्या तुलनेत गरिबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा घेतो. हे खरं आहे, आणि ते झटकून टाकणाऱ्या तज्ज्ञांचा मला राग येतो. गरीब माणूस खरेदी जास्त कमी करतो म्हणून आरोग्याचा फायदाही त्यालाच जास्त, हे उत्तर बरोबर असलं तरी अपुरं आहे. त्याला पर्याय काय दिला? नळाचं पाणी पिण्यालायक नसेल तर बाटलीतलं गोड पेय ही चैन राहत नाही. मेक्सिकोत कराच्या पैशातून शाळांमध्ये पिण्याच्या पाण्याची सोय करण्याची मागणी सुरुवातीपासून झाली, ती म्हणूनच रास्त होती. पाणी आधी, कर नंतर, नाही तर निदान दोन्ही बरोबर.

पैसा कुठे जातो हे लोकांना दिसलं की कर टिकतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरानं जानेवारी २०१७ पासून औंसामागे (म्हणजे सुमारे ३० मिलिलिटरमागे) दीड सेंट कर लावला आणि तो पैसा बालवाड्या, उद्यानं आणि ग्रंथालयांसाठी असल्याचं सांगितलं. शहरातली विक्री ५१ टक्क्यांनी घटली. त्यातली चौथाई घट आसपासच्या गावांतल्या वाढीव विक्रीनं भरून निघाली, तरी निव्वळ घट ३८ टक्के उरली. न्यायालयात आव्हानं आली, कर टिकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोच्या कुक काउंटीनं औंसामागे एक सेंट लावला, पण अंदाजपत्रकातलं भगदाड बुजवायला. लोकांनी तो हेतू ओळखला आणि डिसेंबर उजाडायला तो रद्द झाला.

खाद्यपदार्थांचं काय? हंगेरीनं २०११ पासून पाकिटबंद खारट आणि गोड पदार्थांवर कर लावला, आणि बऱ्याच उत्पादकांनी मीठ-साखर कमी केली. कोलंबियानं नोव्हेंबर २०२३ मध्ये हा मार्ग धरला. जिथे पाककृती बदलता येते तिथे माझा पाठिंबा आहे. ताजं धान्य, दूध, अंडी, मांस यांना मात्र हात लावू नये, डेन्मार्कनं तेवढं शिकवलं आहे.

एक प्रश्न उरतो आणि तो वाटतो तितका सोपा नाही. साखर काढली, तिच्या जागी कृत्रिम गोडी आली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीवर विसंबू नये. मुलाची जीभ तर तितकीच गोडाला सरावते. फिलाडेल्फियानं बिनसाखरेच्या गोड पेयांवरही कर लावला, ब्रिटननं नाही. मोठ्यांपुरतं बोलायचं तर मी ब्रिटनच्या बाजूचा आहे, कारण साखर कमी होणं हाच सर्वांत मोठा आणि खात्रीचा लाभ आहे. लहान मुलांच्या पेयांसाठी मात्र मला वेगळा, सौम्य का होईना, दर हवा वाटतो, म्हणजे कंपनीला गोडी बदलण्याऐवजी गोडी कमी करण्यातच फायदा दिसेल.